टीव्हीतलो डॉक्टर

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. अर्धी वाचून ग्रुपवर भांडायला येऊ नका.

परवा काकीला घेऊन आमच्या उपकेंद्रात गेलो होतो. काकी बहात्तर वर्षांची. बीपी आहे, शुगर आहे, गुडघे तर विचारूच नका. सीएचओ मॅडमनी बीपी मोजलं, बोटाला सुई टोचून शुगर बघितली, पाय उघडे करून टाचा आणि बोटांच्या बेचक्या तपासल्या. मग टॅबवर ई-संजीवनी उघडलं. पलीकडे एक डॉक्टर आले, ‘बोला’ म्हणाले, आणि तेवढ्यात रेंज गेली. मॅडम टॅब घेऊन बाहेर फणसाखाली गेल्या, तिथे एक दांडी मिळते. काकी कट्ट्यावर बसली आणि हसत मला म्हणाली, “तेवापण असाच झाला होता रे. टीव्हीतलो डॉक्टर बोलता बोलता थिजलो होतो.”

ते ‘तेवा’ म्हणजे २००९ साल. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी हे लिहायला का बसलो ते सांगतो. गावच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, आता सगळं मोबाइलवर होतं, डॉक्टरांच्या जागा भरा म्हणून कशाला ओरडता? दुसरी बाजू म्हणते, स्क्रीनवरून कुठे रोग कळतो, सगळं थोतांड आहे. मला दोन्ही पटत नाही. ही गोष्ट करोनात जन्माला आली असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून हा वाद असा अधांतरी चाललाय. तिचा इतिहास साठ-पासष्ट वर्षांचा आहे, आणि तो नीट बघितला तर आपल्या उपकेंद्रात काय हवं आणि काय नको हे बरंचसं कळतं.

खरं तर मूळ त्याहून जुनं. नेदरलँड्समध्ये लायडनचे आइंटहोवन, ज्यांनी ईसीजीचं यंत्र घडवलं, त्यांचं यंत्र एवढं अवाढव्य होतं की रुग्णालयात नेणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी १९०५ च्या सुमारास रुग्णालयातल्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले. यंत्र रुग्णाकडे जाईना, रुग्ण यंत्राकडे येईना, म्हणून तार. पुढे १९३५ मध्ये रोममध्ये जहाजांसाठी बिनतारी वैद्यकीय सल्ल्याचं केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे. भर समुद्रात खलाशाच्या पोटात दुखायला लागलं की कप्तानाने लक्षणं कळवायची आणि डॉक्टरने रोममधून जहाजावरच्या पेटीतलं औषध सांगायचं. आपल्या कोकणातली आणि गोव्यातली किती घरं जहाजावरच्या पगारावर उभी राहिली हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बोटीवर काम केलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना दूरवरच्या डॉक्टरची कल्पना नवी वाटणार नाही.

चित्र दिसायला लागलं ते टीव्ही आल्यावर. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात मनोविकारांची एक संस्था होती. तिथल्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये दोन्ही बाजूंनी दिसेल-बोलता येईल असा टीव्ही जोडून उपचार करून पाहिले. डॉक्टर एका ठिकाणी, रुग्णांचा गट दुसऱ्या ठिकाणी. काही वर्षांत, १९६४ मध्ये, तीच जोडणी नॉरफोकच्या मनोरुग्णालयापर्यंत गेली, जे तिथून ११२ मैल लांब होतं. म्हणजे आपल्याकडे कणकवलीहून निघून संगमेश्वरच्याही पुढे जाण्याइतकं. सुरुवात मनोविकारांपासून झाली याचं आश्चर्य वाटू नये. तिथे बोलणं हीच अर्धी तपासणी असते.

पण मला सगळ्यात शिकवणारी वाटते ती बॉस्टनची गोष्ट. लोगन विमानतळावर १९६० मध्ये विमान कोसळलं, बासष्ट माणसं गेली. विमानतळ शहरापासून लांब नाही, जेमतेम चार-पाच किलोमीटर. पण मध्ये खाडी, तिच्याखालून बोगदा, आणि बोगद्यात गाड्यांची रांग. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने विमानतळावर दवाखाना उघडला. डॉक्टर फक्त गर्दीच्या तासांना यायचे, बाकी सगळा वेळ नर्स सांभाळायच्या. डॉ. केनेथ बर्ड यांनी मग १९६८ मध्ये रुग्णालय आणि विमानतळ यांच्यात मायक्रोवेव्हची जोडणी करून टीव्ही बसवला. कॅमेरा फिरवायची, जवळ न्यायची कळ डॉक्टरच्या हातात. स्टेथोस्कोपचा आवाज तारेवरून डॉक्टरच्या कानात. ईसीजी, एक्स-रे सगळं पडद्यावर. टेलिमेडिसिन हा शब्द रूढ करण्याचं श्रेय बरेचदा याच बर्ड साहेबांना दिलं जातं.

आता यात लक्ष कुठे द्यायचं? कॅमेऱ्याकडे सगळेच देतात. तुम्ही नर्सकडे बघा. स्टेथोस्कोप छातीवर नेमका कुठे ठेवायचा, पोट कुठे दाबायचं, जीभ कशी बाहेर काढायला लावायची, हे सगळं करणारे हात विमानतळावर होते. डॉक्टरचे डोळे आणि डोकं लांब होतं, हात मात्र रुग्णाजवळच होते. ते हात काढून घेतले असते तर त्या महागड्या टीव्हीचा उपयोग गप्पा मारण्यापलीकडे झाला नसता.

पुढे नासाने यात उडी घेतली. अंतराळवीराची नाडी पृथ्वीवरून मोजता येते तर वाळवंटातल्या माणसाची का नाही, असा त्यांचा साधा हिशोब. ॲरिझोनातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, त्यांना तेव्हा पापागो म्हणत, १९७० च्या दशकात उपकरणांनी भरलेली एक गाडी फिरायची. गाडीत प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, आणि मायक्रोवेव्हवरून डॉक्टर. चाललं छान. पण अमेरिकेतल्या त्या काळच्या अशा बहुतेक प्रयोगांचं एकच झालं. अनुदान होतं तोवर टीव्ही चालू, अनुदान संपलं की टीव्हीवर कापड. यंत्र बिघडलं म्हणून ते बंद पडले नाहीत. चालवायचा खर्च कोणाच्या वहीत लिहायचा हे कधी ठरलंच नाही, म्हणून पडले. हे वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी जरा जपून ठेवावं.

भारतात याची पायाभरणी एका अर्थाने टीव्हीनेच केली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. तो एकतर्फी मामला होता, खेड्याने बघायचं, बोलायचं नाही. उलट बोलायची सोय यायला पंचवीस वर्षं लागली. मार्च २००० मध्ये आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातलं अरगोंडा हे गाव अपोलो रुग्णालयाशी जोडलं गेलं. अपोलोचे संस्थापक डॉ. प्रताप रेड्डी यांचं ते गाव. उद्घाटन क्लिंटन साहेबांच्या भारतभेटीत झालं, त्यामुळे पेपरात फोटो भरपूर. पाठोपाठ २००१ मध्ये इस्रोने आपला टेलिमेडिसिन प्रकल्प सुरू केला. कर्नाटकातल्या चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय बंगळुरूच्या नारायण हृदयालयाला जोडलं, अंदमानातलं पोर्ट ब्लेअर चेन्नईला जोडलं. पोर्ट ब्लेअरहून चेन्नईला रुग्ण हलवायचा म्हणजे विमान किंवा बोट. तिथे एक ईसीजी वेळेत बघितला जाणं म्हणजे काय, हे समजायला मोठी अक्कल लागत नाही. पुढच्या दहाएक वर्षांत या जाळ्यात देशभरातली तीनशेहून जास्त रुग्णालयं आली.

हे चालायचं कसं? रुग्णालयाच्या गच्चीवर एक छत्री, म्हणजे व्हीसॅट. खाली एसी खोलीत संगणक, कॅमेरा, मोठा टीव्ही. इथलं चित्र छत्री वर फेकायची, सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे, आणि तिथून ते खाली मुंबईत. जायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बोलून बघा. समोरचा गप्प आहे असं समजून तुम्ही पुन्हा बोलता, तेवढ्यात त्याचं पहिलं उत्तर येतं, मग दोघेही ‘हां, बोला बोला’ म्हणत राहतात. काकीला वाटलं होतं की मुंबईच्या डॉक्टरला कमी ऐकू येतं.

महाराष्ट्रात हे २००७-०८ मध्ये सुरू झालं. मुंबईचं केईएम हे मुख्य केंद्र, आणि पहिल्या टप्प्यात पाच जिल्हा रुग्णालयं: लातूर, बीड, नंदुरबार, सातारा आणि आपलं सिंधुदुर्ग. आपला जिल्हा कधी नव्हे तो पहिल्या पाचात. कारण सरळ होतं. तज्ज्ञ डॉक्टर इथे टिकत नव्हते आणि मुंबई पाचशे किलोमीटर. आपण सगळे पूर्वीपासून करत होतो तेच करत होतो, पहाटेची गाडी पकडून गोवा-बांबोळी. गोमेकॉने आपल्या तीन पिढ्या सांभाळल्या, त्याचे उपकार आहेतच. पण २०१८ मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना फी लावली तेव्हा आपण आंदोलन केलं, आणि फी कोणी लावली यावर जेवढं बोललो तेवढं आपल्याकडे डॉक्टर का नाहीत यावर बोललो नाही, असं माझं मत आहे. असो.

आता काकीचं २००९ सालचं. कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही, तिथल्या माणसांनी आपलं काम केलं होतं. हे लिहायला काकीची परवानगी आहे, तीच म्हणाली, “लिही, आता कोणाक भियाचा?” तिच्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. दोन वर्षं मलमं लावून झाली, देवाला सांगून झालं, कोणी गजकर्ण म्हणालं, कोणी उन्हाने झालंय म्हणालं. शेवटी एका सरकारी डॉक्टरने सांगितलं, गुरुवारी या, मुंबईच्या त्वचेच्या डॉक्टरांना टीव्हीवर दाखवू. खोलीत गेलो तर आत आम्ही दोघं, इथले डॉक्टर, मशीन सांभाळणारा मुलगा, आणि शिवाय उगाच बघायला आलेली दोन-तीन माणसं. काकीने पदर आवळून धरला. चित्र मध्येच थिजायचं, चट्ट्याचा रंग टीव्हीवर भलताच दिसायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि इथल्या डॉक्टरांना म्हणाले, “त्या जागी टोचून बघा. डोळे मिटायला सांगा.” यांनी बॉलपेनचं टोक चट्ट्यावर टेकवलं. काकी गप्प. चट्ट्याच्या बाहेर टेकवलं तशी ती लगेच म्हणाली, “हां, आता लागला.” मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपायला सांगितली.

कुष्ठरोगाची सुरुवात होती. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली, हात शाबूत आहेत, त्याच हातांनी आजही भाकऱ्या थापते. उशीर झाला असता तर बोटं गेली असती.

या गोष्टीत निदान कोणी केलं? मुंबईच्या डॉक्टरांनी, हे खरंच. त्यांच्या नजरेशिवाय आणखी वर्षभर मलमं चालली असती. पण त्यांना हवा असलेला पुरावा कॅमेऱ्यात नव्हताच, तो पेनाच्या टोकात होता, आणि पेन इथल्या डॉक्टरच्या हातात होतं. ती खोली असती आणि तो डॉक्टर नसता तर? बॉस्टनच्या नर्सबद्दल वर इतकं लांबण का लावलं ते आता लक्षात आलं असेल. आणि ती बघायला आलेली दोन-तीन माणसं. आठ दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली, काकी दोन वर्षं कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही. रोग बरा व्हायला सहा महिने लागले, याला दोन वर्षं. स्क्रीनसमोरचा दरवाजा बंद करायला काही इस्रोचा उपग्रह लागत नाही.

तिकडे तामिळनाडूत त्याच काळात अरविंद नेत्र रुग्णालयाने वेगळीच वाट धरली. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांबरोबर साध्या वायफायलाच मोठ्या अँटेना लावून दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर लांब नेलं, आणि खेड्यांत छोटी नेत्रकेंद्रं उघडली. केंद्रात डॉक्टर नाही. आसपासच्याच मुली, दोन वर्षं नीट शिकवून तयार केलेल्या. त्या नंबर तपासतात, स्लिट लॅम्पने डोळा बघतात, मग रुग्णालयातल्या डॉक्टरशी रुग्णाचं व्हिडिओवर बोलणं होतं. चष्मा लागला तर तिथेच, मोतीबिंदू असेल तरच रुग्णालयाची वारी. नाममात्र पैसे घेतात, त्यातून केंद्र चालतं. अनुदान संपल्यावर टीव्हीवर कापड पडण्याचा प्रश्नच आला नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा प्रयोग हाच. आणि त्यात सगळ्यात स्वस्त काय होतं, तर तंत्रज्ञान.

मग मध्ये कायद्याचा घोळ. २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या रत्नागिरीतलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेली बाई, डॉक्टर गावात नाहीत, फोनवरून औषधं सांगितली गेली, आणि बाई दगावली. न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या निकालानंतर फोनवर ‘ही गोळी घ्या’ म्हणायलाही डॉक्टर घाबरू लागले. त्यांचंही चूक नव्हतं. काय चालतं, काय चालत नाही, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. वीस वर्षं सरकार स्वतः टेलिमेडिसिन चालवत होतं, आणि नियम नव्हते!

ते लिहिले गेले २५ मार्च २०२० ला. तारीख ओळखीची वाटते ना? देशभराच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्या नियमांत ढोबळ असं आहे: नोंदणीकृत डॉक्टरच सल्ला देणार आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असणार. स्क्रीनवर भागतंय की प्रत्यक्ष बघायला हवं हे डॉक्टरने ठरवायचं. साधी औषधं कशाही सल्ल्यावर, काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर बघूनच, आणि गुंगीची, नशेची म्हणून कायद्याने बांधलेली औषधं अजिबात नाहीत. तातडीचं काही असेल तर प्रथमोपचार सांगून रुग्णाला लगेच रुग्णालयात धाडायचं. आपण लोकांनी यातलं एवढं तरी पाठ करावं, कारण छातीत कळ आली असताना व्हिडिओ लावत बसणारी माणसं मी बघितली आहेत.

त्या दिवसांत बांद्याच्या पुढे नाका बंद, बांबोळी बंद. ई-संजीवनी आधीच, २०१९ च्या नोव्हेंबरात, डॉक्टर-ते-डॉक्टर अशी सुरू झाली होती, मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली. १३ एप्रिल २०२० ला घरबसल्या रुग्णांसाठीही ती खुली झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आकडा मोठा आहे, नाकारत नाही. पण तो कॉलचा आकडा आहे, बऱ्या झालेल्या माणसांचा नाही. उपकेंद्राला रोज अमुक इतके कॉल झाले पाहिजेत असं वरून सांगितलं की काय होतं, हे सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही विचारा.

तरी मी थोतांड म्हणणार नाही. काकी साक्षीला आहे. परवा फणसाखाली रेंज मिळाल्यावर काय झालं ते सांगतो. डॉक्टरांनी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? काकी म्हणाली नाही. मॅडम मध्येच म्हणाल्या, “सर, उजव्या टाचेला भेग आहे, खोल आहे, आणि त्यांना ती दुखत नाहीये.” डॉक्टर थांबले. औषध बदललं, रक्ताची एक तपासणी सांगितली, आणि ओरोसला प्रत्यक्ष दाखवा म्हणाले. ती भेग टॅबच्या कॅमेऱ्यात दिसत नव्हती. मॅडमनी खाली बसून, पाय मांडीवर घेऊन बघितली होती म्हणून कळली. या मॅडम बीएएमएस आहेत, कंत्राटी आहेत, कंत्राट दर वेळी नव्याने होतं, आणि इथे आल्यापासून दोनदा सोडून जायच्या बेतात होत्या.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना माझं म्हणणं. डॉक्टरांच्या जागा भरा हे ओरडायचं सोडू नका. काकीला ओरोसला पाठवलंय, तिथे बघणारा माणूस हवा ना? जिल्ह्यात आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे ही मागणी पूर्वीसारखी हवेतलीही राहिलेली नाही. आणि टॅबला शिव्याही घालू नका. या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे: उपकेंद्राला इन्व्हर्टर आणि वायरची इंटरनेट जोडणी, तपासणीच्या खोलीला पडदा आणि आतून कडी, आणि मॅडमच्या कंत्राटाबद्दल ग्रामपंचायतीचं जिल्हा परिषदेला पत्र. पहिल्या दोन्हींचा खर्च आपल्या कमानीच्या रंगरंगोटीपेक्षा कमी आहे, हिशोब काढलाय, सभेत वाचून दाखवीन.

काकीची पुढची तारीख मंगळवारची आहे. मॅडमनी सांगितलंय, अकराच्या आत या, मग रेंज जाते.